मोठे टॉवर स्पीकर आणि घरचा अ‍ॅम्प्लिफायर: जोडी जमवायची कशी

नागपूरच्या प्रतापनगरात आमच्या गल्लीत बँकेतून निवृत्त झालेले एक काकाजी राहतात. मुलाने त्यांना कंबरेपर्यंत येणारे टॉवर स्पीकर आणून दिले. घरात होम थिएटरचा रिसीव्हर (अ‍ॅम्प याच डब्यात असतो) आधीपासून होताच, आणि त्याच्या खोक्यावर ठळक छापलं होतं : १०० वॅट प्रति चॅनल. आठ दिवसांनी काकाजींनी मला गाठलं. "बाबू, अ‍ॅम्प तं शंभर वॅटचा आहे म्हणते, मंग तबला वाजला का आवाज काहून फाटते?"

जाऊन ऐकलं. सरोदची गत सुरू होती. डग्ग्यावर थाप पडली की नेमक्या त्या क्षणी सरोदचा सूर चिरकायचा. आवाज आणखी थोडा वाढवला तर रिसीव्हर 'टक्' करून गप्प. स्पीकर चांगले, रिसीव्हरही बिघडलेला नाही. दोघांचं जमत नव्हतं, इतकंच.

ही तक्रार मी नागपुरात अनेक घरांत ऐकली आहे आणि प्रत्येक वेळी लोक वॅटचा आकडा धरून बसलेले असतात. माझं म्हणणं असं की वॅट सगळ्यात शेवटी बघायचे. आधी स्पीकर किती करंट ओढतो ते बघा, मग तुमच्या खोलीत तुम्हाला किती व्होल्ट लागतात ते मोजा, आणि मग नागपूरच्या उन्हाळ्यात अ‍ॅम्प तेवढं काम न तापता करू शकेल का ते विचारा. यातलं काहीच अवघड नाही. हाताशी एक साधा मल्टिमीटर आणि मोकळी दुपार हवी.

पहिली पायरी : स्पीकरची पाठ वाचा

टॉवरच्या मागे, वायर जोडायच्या टर्मिनलपाशी एक पट्टी असते. तिच्यावरचे किंवा माहितीपत्रकातले तीन आकडे वहीत उतरवून घ्या : इम्पिडन्स, सेन्सिटिव्हिटी आणि शिफारस केलेल्या अ‍ॅम्पची ताकद. तिसरा आकडा सध्या बाजूला ठेवा. खरं काम पहिल्या दोनचं आहे.

इम्पिडन्स म्हणजे स्पीकर करंटला करतो तो अडथळा, आणि तो ओहममध्ये असतो. आकडा जितका लहान, तितका स्पीकर अ‍ॅम्पकडून जास्त करंट ओढणार. पण पट्टीवरचा '८ ओहम' हा सगळ्या स्वरांना लागू होणारा आकडा नाही. तोच स्पीकर एका कंपनसंख्येला ३० ओहम असतो आणि दुसरीकडे ६ वर उतरतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सर्वात खालचा आकडा छापलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जायला नको. म्हणजे ८ ओहमचा स्पीकर ६.४ च्या आणि ४ ओहमचा ३.२ च्या खाली नको. सगळे उत्पादक हे पाळत नाहीत. म्हणून माहितीपत्रकात 'मिनिमम इम्पिडन्स' वेगळा दिलेला असेल तर हिशेबाला तोच धरा.

मोठ्या स्पीकरमध्ये ही अडचण जास्त का, हे एकदा नीट समजून घ्या. टॉवरमध्ये दोन-तीन वूफर (खर्ज वाजवणारे मोठे कोन) असतात आणि बहुतेक वेळा ते एकमेकांना समांतर जोडलेले असतात. ८ ओहमचे दोन वूफर समांतर जोडले की ४ ओहम झाले. वर बऱ्याच टॉवरमध्ये इम्पिडन्स सर्वात खाली उतरतो तो खड्डा साधारण ८० ते २०० हर्ट्झच्या आसपास येतो. डग्ग्याचा घुमारा, पखवाजाचा धुमा, पुरुषी आवाजाचा खर्ज, सगळा जोर याच पट्ट्यात असतो. संगीत सर्वात जास्त ताकद मागतं तिथेच स्पीकर सर्वात कमी अडथळा देतो. काकाजींकडे सरोद डग्ग्याच्या थापेलाच का चिरकत होता, त्याचं उत्तर इथे आहे : डग्ग्याने सगळा करंट ओढून नेला आणि त्या क्षणापुरता अ‍ॅम्प कोलमडला. त्याच अ‍ॅम्पमधून वाजणारा सरोद मग कसा सुटणार?

पट्टी पुसट झाली असेल किंवा स्पीकर जुना असेल तर मल्टिमीटर ओहमवर ठेवा, अ‍ॅम्पच्या वायरी काढा आणि स्पीकरच्या दोन टर्मिनलवर टोकं टेकवा. साडेपाच ते सात दिसलं तर स्पीकर ८ ओहमच्या वर्गातला, तीन-साडेतीन दिसलं तर ४ चा. हा कॉइलचा डीसी रेझिस्टन्स आहे, इम्पिडन्स नव्हे, पण वर्ग ओळखायला पुरतो.

आता सेन्सिटिव्हिटी. २.८३ व्होल्ट दिले तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट. पण ४ ओहमच्या स्पीकरला तेच २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट, आणि इथे भलेभले फसतात. काकाजींच्या स्पीकरवर ८७ डेसिबल लिहिलं होतं आणि इम्पिडन्स ४ ओहम. म्हणजे एका वॅटला प्रत्यक्षात ८४ च. दुकानात दोन स्पीकरांची तुलना करताना हे ३ डेसिबल वजा करायला विसरू नका.

तीन डेसिबल म्हणजे किरकोळ, असं वाटेल. पण आवाज ३ डेसिबलने वाढवायला दुप्पट वॅट लागतात आणि १० डेसिबलने वाढवायला दहापट. आणि कानाला आवाज ढोबळमानाने 'दुप्पट' वाटायला १० डेसिबलच लागतात. म्हणून ५० वॅटचा अ‍ॅम्प काढून १०० वॅटचा आणला तरी आवाजात फरक जेमतेम जाणवतो. उलट ८५ ऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर घेतला तर पाव ताकदीत काम होतं. अमेरिकेतल्या पॉल क्लिप्श यांचा क्लिप्शहॉर्न हा भलाथोरला कोपऱ्यात बसणारा स्पीकर १०५ डेसिबलचा सांगितला जातो. काकाजींच्या स्पीकरला ६० वॅट लागतील तिथे त्याला अर्ध्या वॅटच्या आसपास पुरेल. दुसऱ्या टोकाला अपोजी कंपनीचा सिंटिला होता, जो १ ओहमवर चालायचा आणि त्या काळच्या बहुतेक अ‍ॅम्पना झेपायचा नाही. दोन्ही मोठेच, पण दोघांना लागणारा अ‍ॅम्प पूर्ण वेगळा. स्पीकरची उंची बघून अ‍ॅम्पचा अंदाज बांधता येत नाही तो यामुळे.

जुन्या रेडिओग्राममध्ये व्हॉल्व्हचे दहा-पंधरा वॅट कसे पुरायचे, असं वडीलधारे विचारतात. त्या वेळचे स्पीकर मोठ्या पेटीचे आणि थोड्या ताकदीत मोठा आवाज देणारे होते. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांच्या एआर-१ या बंद पेटीच्या स्पीकरने लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला, पण त्याची किंमत सेन्सिटिव्हिटीत मोजली. पेटी लहान, खर्ज खोल आणि ताकद कमी, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. ताकदवान अ‍ॅम्पची गरज तिथून वाढत गेली.

दुसरी पायरी : तुम्हाला किती लागतं ते मोजा

कागदावरचा अंदाज आधी करू. आपल्याकडच्या फ्लॅटचा हॉल धरा बारा बाय अठरा फुटांचा, सोफा स्पीकरपासून दहा फुटांवर, म्हणजे तीन मीटर. एवढ्या अंतरावर खोलीत आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, आणि दोन स्पीकर मिळून ३ परत मिळतात. ८७ डेसिबलच्या ४ ओहम स्पीकरला २.८३ व्होल्ट, म्हणजे २ वॅट दिले की सोफ्यावर ८४ डेसिबल आले.

रोजचं निवांत ऐकणं सरासरी ७५ डेसिबलच्या आसपास असतं. त्याला पाव वॅट पुरतो. हो, पाव वॅट! मग एवढा मोठा अ‍ॅम्प कशाला? कारण चांगल्या ध्वनिमुद्रणात तबल्याची थाप सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर उडी मारते. जरा खुलून, सरासरी ८५ वर ऐकलं तर उड्या १०० ते १०५ डेसिबलपर्यंत जातात. १०० ला सुमारे ८० वॅट लागले आणि १०५ ला अडीचशे. हल्लीची बरीच सिनेसंगीताची मुद्रणं दाबून सपाट केलेली असतात, त्यांच्या उड्या ८-१० डेसिबलच्याच. म्हणून एकाच अ‍ॅम्पवर एकाला सगळं ठीक वाटतं आणि शास्त्रीय ऐकणाऱ्याला तोच अ‍ॅम्प कमी पडतो.

आता खरं मोजमाप. माझ्या मते या सगळ्यात सर्वात उपयोगी अर्धा तास हाच आहे.

कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. 'जनरेट' मध्ये जाऊन १०० हर्ट्झचा साइन टोन बनवा, अ‍ॅम्प्लिट्यूड ०.२५ ठेवा, एक मिनिट पुरे. ०.२५ म्हणजे पूर्ण पातळीच्या १२ डेसिबल खाली. ही फाइल वेव्ह स्वरूपात, तुम्ही गाणी ज्यावरून ऐकता त्याच फोनवर किंवा पेनड्राइव्हवर टाका. रिसीव्हर असेल तर स्टीरिओ किंवा डायरेक्ट मोडवर आणा, बेस-ट्रेबल मध्यावर आणा, सबवूफर असेल तर तो बंद करून स्पीकर 'लार्ज' वर ठेवा. नाहीतर टोनचा काही भाग सबवूफरकडे वळतो आणि आकडा खोटा येतो.

मग तुमचं सर्वात जोरकस मुद्रण लावा आणि आवाज इतका वाढवा की याहून जास्त तुम्ही कधीच ऐकणार नाही. मध्येच फाटत असेल तरी घाबरू नका, काही सेकंदांपुरतीच ही पातळी हवी आहे. आता गाणं थांबवा. व्हॉल्यूमच्या बटणाला आणि फोनच्या आवाजाला अजिबात हात लावू नका. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, टोन सुरू करा आणि एका स्पीकरच्या दोन टर्मिनलवर मीटरची टोकं टेकवा. टोकं एकमेकांना चिकटता कामा नयेत, अ‍ॅम्प शॉर्ट होईल. वाचलेला आकडा लिहा आणि टोन लगेच बंद करा.

त्या आकड्याला ४ ने गुणा. तेवढे व्होल्ट तुमच्या अ‍ॅम्पला न फाटता देता आले पाहिजेत. १२ डेसिबल म्हणजे व्होल्टमध्ये चौपट, म्हणून हा गुणाकार.

काकाजींकडे मीटरने ४.२ व्होल्ट दाखवले. चौपट म्हणजे १६.८. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॅट : ८ ओहमला ३५ वॅट, ४ ला ७० आणि सर्वात खालच्या ३.२ ओहमला ८८. करंट पाहिला तर १६.८ भागिले ३.२, म्हणजे सव्वापाच अँपिअर, आणि लाटेच्या टोकाला सुमारे साडेसात. काकाजींच्या हाती मी कागद दिला. त्यांनी चष्मा वर केला. "म्हंजे मले पस्तीसच वॅट लागते?" आठ ओहमच्या भाषेत पस्तीसच. पण ते पस्तीस वॅट मागणारा व्होल्टेज ३.२ ओहमवर टिकवून धरणारा अ‍ॅम्प हवा. त्यांच्या रिसीव्हरला व्होल्ट भरपूर होते, करंट नव्हता.

तिसरी पायरी : अ‍ॅम्पच्या आकड्यांतलं खरं-खोटं

रिसीव्हरचं मॅन्युअल उघडलं तर १०० वॅटपुढे बारीक अक्षरांत लिहिलं होतं : ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एकच चॅनल चालू, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजाची मोडतोड). एका स्वरावर, एका कानाला, आवाज फाटेपर्यंत. दोन्ही चॅनल, २० ते २०,००० हर्ट्झ, ०.१ टक्क्याच्या आत डिस्टॉर्शन, अशा अटींवर मोजला तर आकडा बराच खाली येतो. अमेरिकेत १९७४ साली सरकारला नियम करावा लागला की वॅट सांगताना या अटीही सांगा, इतके फुगवलेले आकडे तेव्हा छापले जात होते. आपल्याकडच्या जुन्या डेकवर 'पीएमपीओ' चे हजार-दोन हजार वॅट असायचे, ते तर विसरूनच जा. त्या आकड्याला कुठलंही मान्य मोजमाप नाही.

दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा. ८ ओहमला किती, आणि ४ ओहमला किती? आदर्श अ‍ॅम्पचे वॅट ४ ओहमला दुप्पट होतात. ८० चे १३०-१४० झाले तरी चांगला. १०० चे ११० च होत असतील तर त्याचा करंट मर्यादेला पोचलाय, टॉवरसाठी तो नको. आणि ४ ओहमचा आकडाच दिलेला नसेल, 'स्पीकर ६ ते १६ ओहम' एवढंच लिहिलं असेल, तर ४ ओहमचा टॉवर त्याच्यावर लावू नका.

वजनही उचलून बघा. जुन्या पद्धतीच्या क्लास एबी अ‍ॅम्पमध्ये ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा पंखेदार भाग) यांच्यावरच सगळं अवलंबून असतं, आणि ती दोन्ही जड असतात. शंभर वॅटचा म्हणवणारा एबी अ‍ॅम्प एका हाताने सहज उचलला गेला तर शंका घ्या. क्लास म्हणजे आतल्या सर्किटची पद्धत, आणि क्लास डीला हा नियम लागू नाही, तो हलकाच असतो.

काही रिसीव्हरच्या मागे किंवा मेन्यूत ४ ओहम-८ ओहम असा स्विच असतो. तो ४ वर केला की करंट वाढतो असा बऱ्याच जणांचा समज आहे. बहुतेक ठिकाणी तो अ‍ॅम्पचा आतला व्होल्टेज कमी करतो, म्हणजे अ‍ॅम्प कमी तापतो, पण आवाज आणखी लवकर फाटतो.

'ए' आणि 'बी' असे दोन जोड लावायची सोय असेल तर मागची बारीक अक्षरं नक्की वाचा. दोन्ही जोड एकदम लावले की बहुतेक अ‍ॅम्पमध्ये ते समांतर होतात : ८ ओहमचे दोन जोड ४ वर, ४ ओहमचे दोन जोड २ वर. हॉलमध्ये टॉवर आणि गच्चीत दोन स्पीकर, अशी जोडणी करून लग्नघरात अ‍ॅम्प गेलेला मी पाहिला आहे. ब्रिज मोडचंही (दोन चॅनल जोडून एकच स्पीकर चालवणं) तसंच, त्यात प्रत्येक चॅनलला स्पीकरचा अर्धाच इम्पिडन्स दिसतो. ४ ओहमच्या टॉवरवर ब्रिज मोड टाळा.

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प घेणार असाल तर त्याच्या मागे ४ आणि ८ ओहमचे वेगळे टॅप असतात, स्पीकरप्रमाणे जोडा. आणि स्पीकर न जोडता तो कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

'शंभर वॅटच्या स्पीकरला पन्नासचा अ‍ॅम्प सुरक्षित'

हा समज मोडायलाच हवा, कारण त्याने सर्वात जास्त ट्वीटर (वरचे बारीक स्वर वाजवणारे लहान स्पीकर) जळतात. अ‍ॅम्प त्याच्या मर्यादेपलीकडे गेला की गोल लाटेची डोकी कापली जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. ५० वॅटचा अ‍ॅम्प पूर्ण क्लिप होऊन चौकोनी लाट देऊ लागला की तो १०० वॅटपर्यंत ओततो, आणि कापलेल्या लाटेत वरच्या कंपनसंख्या भरपूर असतात, त्या थेट ट्वीटरकडे जातात. स्पीकरवरचे १०० वॅट पूर्ण पेटीचे असतात. एकट्या ट्वीटरची सहनशक्ती त्याच्या तुलनेत फार थोडी असते. स्पीकरच्या रेटिंगपेक्षा मोठा पण न फाटता चालणारा अ‍ॅम्प, सांभाळून चालवला तर, किंचाळणाऱ्या लहान अ‍ॅम्पपेक्षा कितीतरी सुरक्षित.

आणि इथे नागपूरचा कूलर येतो. उन्हाळ्यात खिडकीत डेझर्ट कूलर सुरू झाला की त्याची घरघर संगीताच्या हळव्या जागा गिळून टाकते. तानपुरा ऐकू येत नाही म्हणून आपण व्हॉल्यूम वाढवतो. हिवाळ्यात नऊवर ऐकणारा माणूस मे महिन्यात बारावर जातो आणि त्याला कळतही नाही. दुसऱ्या पायरीचं मोजमाप म्हणून कूलर सुरू ठेवूनच करा. तुमची खरी गरज तीच आहे.

चौथी पायरी : ताप

पुण्या-मुंबईच्या माणसाला हा भाग वगळता येईल, आपल्याला नाही. बऱ्याच अ‍ॅम्पच्या मॅन्युअलमध्ये 'वापराचं तापमान' म्हणून ३५ किंवा ४० अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वात तापलेल्या नऊ दिवसांत, बाहेर पारा ४५ च्या पुढे असतो आणि वरच्या मजल्यावरची स्लॅब रात्री दहालाही गरम लागते. त्यात अ‍ॅम्प बंद टीव्ही युनिटच्या कप्प्यात, वर सेट-टॉप बॉक्स ठेवलेला.

अ‍ॅम्पच्या आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा हिशेब ठरलेला आहे : तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं. वर आणि बाजूंना किमान चार बोटं, जमलं तर वीतभर जागा सोडा. अ‍ॅम्पच्या डोक्यावर काहीही ठेवू नका. कप्प्याची पाठ काढून टाकता येत असेल तर काढा. ४ ओहमवर चालणारा अ‍ॅम्प तेवढ्याच आवाजाला जास्त करंट देतो, म्हणजे ८ पेक्षा जास्त तापतो, हे लक्षात ठेवून जागा द्या.

प्रकार निवडायचा असेल तर माझं मत सरळ आहे. एसी नसलेल्या खोलीत क्लास ए घेऊ नका. २५-३० वॅटचा क्लास ए स्टीरिओ अ‍ॅम्प गाणं वाजो न वाजो, दीड-दोनशे वॅटची शेगडी असतो. क्लास एबी चांगला हवेशीर ठेवला तर चालतो. क्लास डी पूर्ण ताकदीवर ९० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असतो, जवळपास तापतच नाही, आणि आता त्याच्या आवाजाला नावं ठेवावी अशी स्थिती राहिलेली नाही. एक खबरदारी : बऱ्याच क्लास डी अ‍ॅम्पचं काळं टर्मिनल हे ग्राउंड नसतं. दोन्ही चॅनलची काळी टोकं एकत्र जोडू नका.

कूलरचा झोत अ‍ॅम्पवर किंवा स्पीकरवर सोडू नका. ओल्या हवेने कागदी कोन सादळतो. वूफरच्या कडेची गोल पट्टी जुन्या स्पीकरमध्ये फोमची असेल तर ऊन आणि ओल यांत तिचा भुगा होतो. जुना टॉवर घेताना जाळी काढून त्या पट्टीला बोटाने हलकेच दाबून बघा. बोटाला चिकट काळं लागलं तर नवी पट्टी बसवण्याचा खर्च किमतीतून कमी करून घ्या.

वायर

इथे पैसे उडवू नका. नियम एवढाच : येण्याजाण्याच्या दोन्ही तारांचा मिळून रेझिस्टन्स स्पीकरच्या सर्वात कमी इम्पिडन्सच्या ५ टक्क्यांत राहावा. ३.२ ओहमच्या स्पीकरला ०.१६ ओहम. २.५ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर तिथे दहा मीटरपर्यंत चालते, १.५ ची साडेसहा, आणि दुकानदार फुकटात देतो ती बारीक लाल-काळी जेमतेम तीन मीटर. इतवारीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून २.५ ची फ्लेक्झिबल तांब्याची वायर मापून आणा, पुरे. फक्त टोक ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, त्याचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीच्या आसपास असतो.

विजेच्या बाजूने तीन पिनांचा, खरंच अर्थिंग असलेला सॉकेट वापरा. कूलर आणि अ‍ॅम्प एकाच एक्स्टेंशन बोर्डवर नकोत. साध्या चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प लावला तर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. वीज गेली की त्याला विश्रांती द्या.

अ‍ॅम्प बदलण्याआधी खोली तपासा

कितीदा तरी लोक 'बेस घुमतो, अ‍ॅम्पला पकड नाही' म्हणून अ‍ॅम्प बदलतात आणि घुमणं तसंच राहतं. बारा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपास आवाज साचतो, पंधरा फुटांच्या भिंतींमध्ये ३७-३८ ला. मोठा टॉवर तिथपर्यंत पोचतो, म्हणून तो लहान खोलीत जास्त घुमतो. स्पीकर कोपऱ्यातून ओढून भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणा, सोफा मागच्या भिंतीला चिकटवू नका, व्हिट्रिफाइड टाइल्सवर जाड सतरंजी अंथरा. मागे हवेचं भोक असेल तर त्यात फोमचा बोळा घालून ऐकून बघा. याला खर्च शून्य.

शेवटची पायरी : घरी आणून, घरीच तपासून

सीताबर्डीच्या बाजारातल्या एसी दालनात, गालिच्यावर, दुकानाच्या स्पीकरवर अ‍ॅम्प ऐकून पसंत करू नका. दोन दिवस घरी नेऊ देणारा दुकानदार शोधा किंवा ओळखीच्याचा अ‍ॅम्प उसना आणा.

जुना अ‍ॅम्प असेल तर स्पीकर जोडण्याआधी त्याचा डीसी ऑफसेट (गाणं बंद असतानाही टर्मिनलवर राहणारा डीसी व्होल्टेज) मोजा. व्हॉल्व्हचा नाही, साधा ट्रान्झिस्टरचा. गाणं बंद, व्हॉल्यूम शून्य, स्पीकर काढलेले, पाच मिनिटं चालू ठेवा आणि मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर टेकवा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर बिनघोर. १०० च्या वर असेल तर कारागिराला दाखवल्याशिवाय टॉवर जोडू नका. आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेला अ‍ॅम्प सरळ डीसी सोडतो आणि वूफरची कॉइल काही सेकंदांत जळते. एका ओळखीच्या घरी तो करपट वास मी घेतला आहे, अजून विसरलेलो नाही.

जोडताना दोन्ही स्पीकरचं लाल लालला, काळं काळ्याला. शंका असेल तर दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या वायरीला क्षणभर टेकवा : धन बाजू लालला असताना वूफर बाहेर सरकला पाहिजे, दोन्हीकडे सारखाच. एक उलटा असेल तर खर्ज गायब होतो आणि माणूस पुन्हा अ‍ॅम्पला दोष देतो.

काकाजींचा रिसीव्हर आम्ही काढला नाही. त्याच्या मागे प्री-आउट (बाहेरच्या अ‍ॅम्पला सिग्नल द्यायची सॉकेट) होते. तिथून दोन चॅनलचा, ४ ओहमला चालणारा क्लास डीचा पॉवर अ‍ॅम्प जोडला, म्हणजे टॉवरची मेहनत नव्या अ‍ॅम्पकडे गेली आणि सिनेमाचे बाकीचे स्पीकर जुन्या रिसीव्हरवरच राहिले. ज्यांच्या रिसीव्हरला प्री-आउट आहेत त्यांनी हाच मार्ग आधी बघावा, निम्म्या खर्चात होतो.

मग भर दुपारी तीन वाजता, कूलर सुरू ठेवून, तीच सरोदची गत त्याच व्हॉल्यूमवर तासभर वाजवली. तुम्हीही हे असंच करा : सर्वात उकाड्याच्या वेळी, रोजच्या कमाल आवाजावर, सलग एक तास. मग अ‍ॅम्पच्या हीटसिंकवर तळहात ठेवा. दहा सेकंद ठेवता आला तर जोडी जमली. लगेच उचलावा लागला तर हवा वाढवा, तरीही तसंच असेल तर अ‍ॅम्प बदला. काकाजींनी स्वतःच हात ठेवला, डग्ग्याची एक लांब तिहाई संपेपर्यंत ठेवून होते, आणि सरोद कुठेही चिरकला नाही.